जादूगारांचे मंडळ : गुपित आणि सहवास

जादूगार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकटा माणूस उभा राहतो. रंगमंचावरचा असेल तर झगमगीत अंगरख्यातला, रस्त्यावरचा असेल तर पोतडी पुढे ठेवून बसलेला, पण एकटा. त्याची विद्या त्याच्या मुठीत असते आणि मूठ उघडली की विद्या संपली, अशी आपली समजूत असते. कवींचे मंडळ असते, हौशी नाटकवाल्यांचे असते, भजनकऱ्यांचे असते. त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. कविता वाचून दाखविल्याने ती कमी होत नाही. परंतु ज्यांचे पोटच गुपितावर चालते असे चाळीस-पन्नास लोक दर महिन्याला एका खोलीत जमतात आणि आपापल्या युक्त्या एकमेकांना दाखवितात, असे कोणी सांगितले तर त्यावर चटकन विश्वास बसत नाही. वस्तुतः अशी मंडळे जवळजवळ सव्वाशे वर्षे जगात नांदत आहेत. ती कशी निघाली, त्यांत काय चालते, त्यांचे मेळावे कसे भरतात आणि आपल्याकडच्या रस्त्यावरील जादूगाराला अशा मंडळाचा आधार का मिळाला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात मला करावयाचा आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. या लेखात ‘जादू’ हा शब्द हातचलाखीच्या व दृष्टिभ्रमाच्या करमणुकीपुरताच वापरला आहे. ज्या जादूटोण्याच्या विरोधात महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला, तिचा येथे संबंध नाही. किंबहुना दोहोंत मूलभूत विरोध आहे. ‘मी तुम्हांला फसविणार आहे’ असे जादूगार आधीच सांगतो आणि मग फसवितो. भोंदू मात्र ‘मी फसवीत नाही’ असे सांगून फसवितो. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

मंडळांचा उगम

न्यूयॉर्क शहरात मार्टिन्का यांचे जादूच्या साहित्याचे दुकान होते. दुकानाच्या मागच्या खोलीत शहरातले जादूगार सहज म्हणून टेकत, नवे साहित्य हाताळून पाहत, गप्पा मारीत. याच खोलीत १० मे १९०२ रोजी चोवीस जणांनी मिळून ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडे एखाद्या पुस्तकाच्या दुकानात लेखकांचा अड्डा जमावा आणि त्यातूनच एखादे मासिक निघावे, तसाच हा प्रकार होय. सुप्रसिद्ध हूडिनी १९१७ साली या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १९२६ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. प्रयोगांच्या निमित्ताने तो गावोगाव हिंडे. जेथे जाईल तेथील स्थानिक जादूगारांना तो गाठी आणि त्यांनी मूळ संस्थेची शाखा काढावी म्हणून त्यांच्या मागे लागे. संस्था देशभर पसरली ती बरीचशी त्याच्या या खटपटीमुळे.

लंडनचे ‘मॅजिक सर्कल’ १९०५ साली सोहो भागातील पिनोलीच्या उपाहारगृहात जन्मास आले. तेथे तेवीस जण जमले होते. त्यांत धंदेवाईक होते तसेच हौशीही होते. मंडळाला नाव काय द्यावे, याची मोठी हृद्य हकीकत आहे. त्यांच्यातला मार्टिन चॅपेंडर नावाचा तरुण जादूगार अवघ्या पंचविसाव्या वर्षी नुकताच वारला होता. मंडळाला त्याचेच नाव द्यावे असे आधी घाटत होते. अखेर ‘मॅजिक सर्कल’ हे नाव ठरले; कारण इंग्रजीत त्याची आद्याक्षरे आणि चॅपेंडरच्या नावाची आद्याक्षरे एकच होती.

तिसरी संस्था टपालातून जन्मली. मोठ्या शहरात दुकान असते, उपाहारगृह असते. पण लहान गावात जादूचा नाद असलेला एकच मुलगा असेल तर त्याने कोणाशी बोलावे? कॅनडातील विनिपेगचा लेन व्हिंटस आणि अमेरिकेतील त्याचे समानधर्मी मित्र यांनी पत्रव्यवहारातून १९२२ साली ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स’ ही संस्था उभी केली. तिच्या स्थानिक शाखेला ‘रिंग’ म्हणतात. एकमेकांत अडकणाऱ्या आणि सुटणाऱ्या धातूच्या कड्यांचा खेळ आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याच कड्यांवरून हे नाव आले आणि संस्थेच्या मासिकाचे ‘लिंकिंग रिंग’ हे नावही तेथूनच आले. आज या कड्या पुष्कळ देशांत पसरलेल्या आहेत. आपल्या शाखेच्या बैठकीत काय झाले, कोणी कोणता खेळ केला, पुढील बैठक केव्हा आहे, याचे वृत्त शाखेने मासिकाकडे धाडावयाचे, असा येथील परिपाठ आहे.

दुकान, उपाहारगृह आणि टपालपेटी अशी ही तीन उगमस्थाने. तिन्ही ठिकाणी निकड एकच होती. एकट्याने साधना करता येते. पण आपण चुकतो कोठे, हे एकट्याला कळत नाही.

बैठकीत काय चालते

स्थानिक मंडळाची बैठक बहुधा महिन्यातून एकदा होते. लंडनच्या मंडळाचे सदस्य दर सोमवारी जमतात. जागा म्हणजे एखाद्या वाचनालयाची खोली, प्रार्थनामंदिराचे सभागृह किंवा उपाहारगृहाचा मागचा भाग. आरंभी इतर कोणत्याही मंडळासारखाच कारभार चालतो : मागील वृत्त, जमाखर्च, नवीन सदस्यांची ओळख, येत्या महिन्यांतील कार्यक्रमांची घोषणा. मग खुर्च्या अर्धवर्तुळात येतात आणि खरे काम सुरू होते.

प्रत्येक बैठकीला अनेकदा एक विषय नेमलेला असतो. एका महिन्यात पत्ते, दुसऱ्या महिन्यात नाणी, तिसऱ्यात दोरी व रुमाल, कधी मन ओळखण्याचे खेळ, तर कधी लहान मुलांसमोर करावयाचे प्रयोग. ज्याला जे साधले असेल ते तो करून दाखवितो. प्रेक्षक सगळे जाणकार, त्यामुळे फसले जाण्याची शक्यता कमी; पण कोणी खरोखर फसविलेच तर त्या रात्री त्याचा मान मोठा. प्रयोग झाल्यावर चर्चा होते. ‘पत्ता लपविताना तुझी नजर त्याच हाताकडे गेली.’ ‘बोलणे थांबविलेस, म्हणून संशय आला.’ अशी टीका घरचे लोक करीत नाहीत आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षकही करीत नाही. ती फक्त बरोबरीचा माणूसच करू शकतो. माझ्या मते मंडळाचे निम्मे मोल या टीकेत आहे.

याखेरीज फिरत्या जादूगारांची व्याख्याने होतात. बाहेरगावचा एखादा नामवंत येतो, दोन तास आपल्या खेळांची फोड करून सांगतो आणि शेवटी टिपणांची पुस्तिका विकून पुढच्या गावाला जातो. वर्षातून एकदा जुन्या साहित्याचा लिलाव होतो. हौसेने घेतलेली आणि माळ्यावर पडून राहिलेली पेटी नव्या पोराच्या हाती स्वस्तात जाते. वार्षिक स्पर्धा असते. तिच्यात रंगमंचावरचे प्रयोग आणि टेबलाशी बसून समोरासमोर करावयाचे प्रयोग असे दोन विभाग सहसा केलेले असतात. रुग्णालयात वा वृद्धाश्रमात विनामूल्य कार्यक्रम होतात. वर्षाअखेर सहभोजन असते. त्या दिवशी सदस्यांच्या कुटुंबीयांनाही बोलावतात. वर्षभर ज्यांनी ‘कोणताही पत्ता काढ’ हे ऐकून घेतले त्यांचा एवढा सत्कार तरी व्हायलाच हवा!

प्रवेशाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. लंडनच्या मंडळात नुसती वर्गणी भरून सदस्य होता येत नाही. आधी मुलाखत आणि मग परीक्षा. परीक्षा प्रयोग करून देता येते किंवा प्रबंध लिहूनही देता येते. म्हणजे हाताने जादू करणारा आणि जादूच्या इतिहासाचा वा तत्त्वाचा अभ्यास करणारा, या दोघांनाही दार उघडे आहे. सर्वोच्च श्रेणीच्या सदस्यांची संख्या तीनशेपुरती मर्यादित ठेवलेली आहे. मंडळाचे ग्रंथालय आहे, संग्रहालय आहे आणि दहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी १९९६ पासून वेगळी शाखाही आहे. मंडळाचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट आणि नेव्हिल मॅस्केलिन या दोघांनी १९११ साली ‘अवर मॅजिक’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात केवळ युक्त्या नाहीत. जादू ही कला कशी ठरते, तिचे नियम कोणते, याची मांडणी त्यांनी केली आहे. आपण वर्गात नाट्यशास्त्राची चर्चा करतो त्याच जातीची ही चर्चा आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

गुपिताला कायदा का पुरत नाही

येथे प्रश्न उभा राहतो, की गुपित जपावयाचे तर मंडळ कशाला हवे? कायदा नाही का? याचे उत्तर होरेस गोल्डिनच्या हकीकतीत सापडते. बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ इंग्लंडमध्ये सेल्बिट या जादूगाराने जानेवारी १९२१ मध्ये जाहीर रंगमंचावर केला. अमेरिकेत गोल्डिनने त्याच कल्पनेचे स्वतःचे रूप गाजविले आणि पुढे त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळविले. पण एकस्वाची अटच अशी की शोधाची रीत सरकारदरबारी लिहून द्यावी लागते आणि तो कागद कोणालाही पाहता येतो. १९३३ साली एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातींतून जादूच्या खेळांची उकल छापली. त्यात हाही खेळ होता. गोल्डिनने दावा लावला आणि तो हरला. जे आधीच सरकारी कागदावर उघडे आहे ते गुपित कसले?

लेखाधिकाराचा कायदाही कल्पनेला संरक्षण देत नाही; तिच्या विशिष्ट आविष्काराला देतो. अमेरिकन जादूगार टेलर याने फुलाच्या सावलीवर सुरी चालवून खऱ्या फुलाच्या पाकळ्या गाळण्याचा आपला खेळ १९८३ साली मूकनाट्य म्हणून नोंदविला होता. २०१४ साली न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण तो मूकनाट्यापुरता. युक्तीला न्यायालयाने संरक्षण दिले नाही.

सारांश, युक्ती नोंदविली तर ती फुटते आणि न नोंदविली तर ती कोणाचीच नसते. अशा वेळी उरते ती फक्त बिरादरीची लाज. ‘हा खेळ अमक्याचा आहे, त्याला विचारल्यावाचून करू नये’, ‘हा खेळ मला तमक्याने शिकविला’ असे सांगण्याची रीत मंडळात पाळली जाते. जो ती मोडतो त्याच्याशी पुढच्या बैठकीला कोणी बोलत नाही. कायद्याला जे साधले नाही ते चार माणसांच्या डोळ्यांनी साधते. मंडळाने गुपित राखले ते कुलूप लावून राखले नाही. योग्य माणसांत वाटून राखले. मंडळ म्हणजे काय, याचे माझ्या अभ्यासातून मला मिळालेले उत्तर हेच आहे.

बडतर्फीची दोन प्रकरणे

परंतु बिरादरीची लाज ही दुधारी असते. लंडनच्या मंडळाचे ब्रीदवाक्य लॅटिन भाषेत आहे. गुपित बाहेर सांगण्याची ज्याला सवय नाही तो आमचा, असा त्याचा आशय. याच ब्रीदाखाली मंडळाने १९३० नंतरच्या दशकात आपल्याच पहिल्या अध्यक्षाला, डेव्हिड डेव्हंटला, बाहेर काढले. डेव्हंट तेव्हा पक्षाघाताने जर्जर होऊन रुग्णालयात खिळलेला होता. त्याने आपल्या खेळांची रहस्ये एका मासिकात प्रसिद्ध केली. खेळ त्याचे स्वतःचे होते; स्वतःची वस्तू आपण द्यावी की न द्यावी, हा त्याचा प्रश्न होता. मंडळाचे म्हणणे असे की एकदा मंडळात आल्यावर गुपित एकट्याचे राहत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढे मंडळाने त्याला सन्मान्य सदस्य म्हणून परत घेतले, हे त्याला शोभून दिसले.

दुसरे प्रकरण अधिक बोचरे आहे. स्थापनेपासून १९९१ पर्यंत या मंडळाचे दार स्त्रियांना बंद होते. करवतीखाली बाई चाले; सदस्यांच्या खुर्चीत मात्र चालत नसे. जेनी विन्स्टनली नावाच्या जादूगार बाईंनी यावर उपाय शोधला. सोफी लॉइड या अभिनेत्रीला त्यांनी पुरुषाचे रूप दिले : टोप, बदललेला आवाज, बदललेली चाल. हातांवरून संशय येऊ नये म्हणून हातमोजे. हातमोजे घालून हातचलाखी करणे किती अवघड, हे पत्ते पिसणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ‘रेमंड लॉइड’ या नावाने सोफीने मार्च १९९१ मध्ये परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाने स्त्रियांना प्रवेश देण्याचे ठरविले, तेव्हा दोघींनी खरे काय ते उघड केले. मंडळाने सोफीला फसवणुकीबद्दल काढून टाकले! ज्यांचा धंदाच फसविण्याचा, त्यांना आपण उत्तम रीतीने फसविले गेलो याचा राग यावा, यातील विनोद त्या वेळी कोणाच्या ध्यानी आला की नाही कोण जाणे. एप्रिल २०२५ मध्ये, चौतीस वर्षांनी, मंडळाने तिला समारंभपूर्वक पुन्हा सदस्यत्व दिले. विन्स्टनली मात्र तो दिवस पाहावयास हयात नव्हत्या.

यावरून एवढे दिसते की मंडळ गुपित राखते तेव्हा ते कुंपणही घालते. कुंपणाच्या आत कोण, हे ठरविण्याचा अधिकार थोड्यांच्या हाती जातो. प्रत्येक मंडळाने आपल्या दाराकडे अधूनमधून पाहिले पाहिजे. आपल्या महाविद्यालयातील मंडळांनीही.

मेळावे

स्थानिक बैठकांखेरीज वर्षाकाठी मोठे मेळावे भरतात आणि ते ठरल्या वेळी येतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या गावच्या जादूगार मंडळाने १९५३ साली आपला पहिला मेळावा भरविला. आज दर फेब्रुवारीत तेथील ‘विंटर गार्डन्स’ या वास्तूत तीन हजारांहून अधिक जादूगार जमतात. कडाक्याची थंडी आणि पर्यटकांविना रिकामी असलेली हॉटेले, त्यामुळे गावालाही हे पाहुणे हवेच असतात. एका गावच्या मंडळाचा हा मेळावा आज जगातील सर्वांत मोठ्या मेळाव्यांत गणला जातो. दिवसा व्याख्याने, विक्रेत्यांच्या दालनात खरेदी, संध्याकाळी प्रयोग. आणि रात्री हॉटेलच्या ओसरीत पत्त्यांचा जोड घेऊन बसलेली टोळकी. जुन्या लोकांचे मत असे, की शिकावयाचे ते या शेवटच्या भागातच.

दुसरा मेळावा अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कोलन या हजार-बाराशे वस्तीच्या गावात दर ऑगस्टमध्ये भरतो. हॅरी ब्लॅकस्टोन हा थोर जादूगार या गावी येऊन राहिला. त्याच्या मागोमाग ऑस्ट्रेलियाचा पर्सी अॅबट आला आणि त्याने येथे जादूच्या साहित्याचा कारखाना काढला. त्या कारखान्याच्या निमित्ताने १९३४ साली मेळावा सुरू झाला. संध्याकाळचे प्रयोग गावातल्या शाळेत होतात. गावच्या स्मशानभूमीत अनेक जादूगारांच्या समाधी आहेत. आयुष्यभर फिरतीवर राहिलेल्या माणसांना आपल्यांत येऊन विसावावेसे वाटले, इतका हा गाव त्यांचा झाला.

दर तीन वर्षांनी भरणारी जागतिक स्पर्धा ही निराळ्या थाटाची. दुसरे महायुद्ध संपताच १९४६ साली अॅम्स्टरडॅम, १९४७ साली पॅरिस आणि १९४८ साली लोझान येथे युरोपातील जादूगार एकत्र आले आणि लोझानला त्यांच्या मंडळांचा महासंघ स्थापन झाला. कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतील माणसे इतक्या लवकर एका टेबलाशी बसली, ती पत्त्यांचे डाव पाहावयास. २०२५ साली ही स्पर्धा इटलीतील तुरिन येथे झाली.

सत्याची राखण

मंडळांचे आणखी एक काम आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. भोंदूगिरी उघडी पाडण्यात जादूगार नेहमी पुढे राहिले. मृतात्म्यांशी बोलण्याचे ढोंग करणाऱ्यांच्या मागे हूडिनी हात धुऊन लागला होता. १९३४ साली लंडनच्या मंडळाच्या समितीने ‘हिंदुस्थानी दोरी’चा खेळ, म्हणजे दोर आकाशात उभा राहतो आणि पोरगा त्यावर चढून नाहीसा होतो तो खेळ, उघड्या जागी करून दाखविणाऱ्यास पाचशे गिनींचे बक्षीस जाहीर केले. ते कोणी नेले नाही. नेणार तरी कसे? पीटर लॅमॉन्ट या संशोधकाने दाखवून दिले आहे की ही आख्यायिका पसरली ती ‘शिकागो ट्रिब्यून’ या पत्राने ऑगस्ट १८९० मध्ये छापलेल्या एका बनावट वृत्तामुळे. वृत्त खोटे असल्याची कबुली त्याच पत्राने पुढे दिली; ती थोड्यांनी वाचली.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून पाण्याने दिवा पेटविणे, नारळातून ‘करणी’ काढणे असे चमत्कार करून दाखवितात आणि मग त्यांची उकल सांगतात. हा गुपितफोडीचा गुन्हा नव्हे काय, असे कोणी विचारील. आरंभी सांगितलेला भेद येथे कामास येतो. जे गुपित आनंदासाठी आहे ते राखावे. जे लुबाडण्यासाठी आहे ते फोडावे. हा विवेक ज्याला आहे तोच खरा जादूगार.

आपल्याकडे

विल्यम हॅझलिटचा ‘द इंडियन जगलर्स’ हा निबंध इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. चार पितळी गोळे हवेत खेळविणाऱ्या हिंदी कलावंताचे कौशल्य पाहून आपल्या लेखनाची आपल्याला लाज वाटते, असे हॅझलिट त्यात सांगतो. तो कलावंत रामो सामी असावा असे मानतात. लंडन गाजविणारा हा माणूस १८५० साली तेथेच दारिद्र्यात वारला आणि त्याच्या अंत्यविधीसाठी पत्नीला वृत्तपत्रातून मदत मागावी लागली. याउलट नोव्हेंबर १९२६ मध्ये हूडिनीच्या अंत्ययात्रेत त्याच्या संस्थेच्या सदस्यांनी जादूची कांडी मोडून त्याला निरोप दिला. सदस्य वारला की कांडी मोडण्याचा तो विधी तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे. दोघेही थोर कलावंत. एकामागे मंडळ होते, दुसऱ्यामागे नव्हते.

आपल्याकडे जादूची परंपरा फार जुनी. पण ती घराण्यांतून चालली. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी ‘ऑल इंडिया मॅजिक सर्कल’ काढले. केरळात १९९६ साली तिरुअनंतपुरम येथे जादूची अकादमी निघाली. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांची विद्या पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांच्याकडे आली. रंगमंचावरच्या जादूला अशी घरे मिळाली. रस्त्यावरच्या जादूचे काय?

‘या कवितेने मनावर गारुड केले’ असे आपण परीक्षणात सहज लिहून जातो. ते गारुड ज्याचे, तो गारुडी शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत एक नोंद होऊन बसला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या पेटाऱ्यातला साप गेला. सापाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण माणसाला पर्याय कोणी दिला नाही. त्याआधीच १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भिकेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या जोडीला ‘खेळ करून दाखविणे’ हेही भीक मागण्याचे निमित्त म्हणून घातले. म्हणजे तिकीट लावून केली तर कला आणि चादर पसरून केली तर भीक! हा मुंबईत झालेला कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला; २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे तेथपुरती रद्द केली. दिल्लीतीलच कठपुतली कॉलनीत रस्त्यावरचे जादूगार, कठपुतळीवाले, डोंबारी असे कलावंत दाटीवाटीने राहत. ‘भुले बिसरे कलाकार’ नावाची त्यांची सहकारी संस्थाही निघाली होती. ती वसाहत २०१७ साली पाडली गेली.

आमच्या तालुक्याच्या आठवडे बाजारात तीन वाट्या आणि कापडाच्या गोळ्या घेऊन खेळ करणारे एक वृद्ध गृहस्थ येतात. या लेखाच्या निमित्ताने मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो. त्यांचा मुलगा टेम्पो चालवितो. त्याला हा खेळ शिकावयाचा नाही. परक्याला शिकवावे असे त्यांच्या घरात कधी झालेले नाही. मी त्यांना लंडनच्या व ब्लॅकपूलच्या मंडळांविषयी सांगितले, तेव्हा त्यांना सर्वांत नवल वाटले ते एका गोष्टीचे : तेथे एक जादूगार दुसऱ्याची चूक दाखवितो आणि तरी दोघे एका पंक्तीला जेवतात. वाट्यांचा हाच खेळ जगातील बहुतेक मंडळांत जुन्यातला जुना व कठीण खेळ म्हणून शिकविला जातो, हे त्यांना ठाऊक नव्हते. या गृहस्थांबरोबर त्यांचा हात जाईल. तो कोठे लिहिलेला नाही.

समारोप

गुपित एकट्याने राखले तर ते एका आयुष्यापुरते राहते. योग्य माणसांत वाटले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जादूगारांच्या मंडळांच्या इतिहासाचा हा निष्कर्ष मला वाटते पुष्कळ विद्यांना लागू पडावा. आपल्या आज्यांच्या औषधांना, सुतारांच्या सांध्यांना, शाहिरांच्या चालींनाही.

यावरून एक सूचना करून हा लेख पुरा करतो. दरवर्षी आपल्या स्नेहसंमेलनात शेलापागोटे आणि नाटिका यांच्यामधला वेळ भरून काढण्यासाठी जादूचा कार्यक्रम ठेवतात. पुढील संमेलनात तो वेळ भरण्यापुरता न ठेवता परिसरातील दोन-तीन रस्त्यावरच्या कलावंतांना रीतसर निमंत्रण व मानधन देऊन बोलवावे. त्यांना एकमेकांसमोर बसवावे. इतिहास व समाजशास्त्र विभागांतील प्राध्यापकांनी आणि आम्हां विद्यार्थ्यांनी त्यांच्या हकीकती उतरवून घ्याव्यात. युक्त्या मात्र विचारू नयेत. त्या त्यांनी आपसांत बोलाव्यात, हवे तर दार लावून. मार्टिन्काच्या दुकानामागच्या खोलीत जमलेली माणसे चोवीस होती. आपल्याकडे आरंभाला तीनही पुरेत.